उंबरठ्यावरची कसरत

रक्तातली साखर तपासून आलेल्या माणसाला ‘काय निघाले?’ असे विचारले, की हल्ली एक ठरावीक उत्तर ऐकू येते: ‘काही नाही, बॉर्डरवर आहे.’ त्या ‘काही नाही’मध्ये सुटकेचा निःश्वास असतो. रिपोर्टचा कागद कपाटातल्या फायलीत लाइट बिलांच्या शेजारी जाऊन बसतो आणि रविवारच्या जेवणात श्रीखंडाची वाटी पुन्हा एकदा पुढे केली जाते, कारण ‘अजून डायबेटिस झालेला नाही ना!’ आजचा विषय हा ‘अजून’च आहे. या तीन अक्षरांत किती वर्षे मावतात आणि त्या वर्षांत माणसाला काय करता येते, याचा विचार घराघरात व्हायला हवा, असे मला वाटते.

आधी आकडे समजून घेऊ. रात्रभरच्या उपवासानंतर रक्तातली साखर १०० ते १२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल, किंवा ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी ती १४० ते १९९ भरत असेल, किंवा तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी ५.७ ते ६.४ टक्के दाखवत असेल, तर त्या अवस्थेला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. (उपाशीपोटीची खालची रेषा जागतिक आरोग्य संघटना ११० वर ओढते, अमेरिकन डॉक्टर १०० वर.) भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे घरात शिरलेल्यांपेक्षा दारात उभे असलेले अधिक. आणि दारात उभ्या असलेल्या माणसाचे वैशिष्ट्य असे, की तो आतही जाऊ शकतो आणि मागेही फिरू शकतो.

मी डॉक्टर नाही. मी आयुष्यभर शाळेत व्यायाम शिकवला. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या मंडळाच्या मैदानावर सकाळी पंचेचाळीस ते पासष्ट वयाच्या स्त्री-पुरुषांचा एक वर्ग चालवतो. त्यांतले बरेचजण असे ‘बॉर्डरवरचे’. आल्या आल्या मी प्रत्येकाला विचारतो, ‘डॉक्टरांनी काय सांगितले?’ उत्तर बहुतेक एकच: ‘चाला म्हणाले.’ किती? कसे? आठवड्यातून किती दिवस? दम लागेपर्यंत, की रमतगमत? याची उत्तरे क्वचितच कोणापाशी असतात. गोळी लिहून देताना किती मिलिग्रॅमची, जेवणाआधी की नंतर, दिवसातून कितीदा, हे सारे चिठ्ठीवर येते. व्यायाम मात्र एका क्रियापदात उरकला जातो. सांगायचे आहे ते एवढेच, की व्यायाम हे या अवस्थेवरचे औषध असेल, तर त्यालाही मात्रा हवी, आणि ते नुसते सांगून भागणार नाही, शिकवावे लागेल.

शंभर योजने आणि सोळा धडे

व्यायामाने मधुमेह आवरतो हा शोध आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या चिकित्सेत असे सांगितले आहे, की निर्धन रुग्णाने पायांत पादत्राण आणि डोक्यावर छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढत शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे. विहीर खणण्याचे कामही तिथे उपचार म्हणून येते. ‘तहान लागल्यावर विहीर खणू नये’ असे आपण म्हणतो. सुश्रुतांचा रुग्ण मात्र तहान लागण्याच्या रोगावर विहीरच खणत होता! त्या उपचारातला कठोरपणा आज कोणाला झेपणार नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या: तिथे अंतर सांगितलेले आहे, रीत सांगितलेली आहे. मोघम ‘चाला’ नाही.

आधुनिक काळातला पहिला मोठा पुरावा ईशान्य चीनमधल्या दाचिंग या शहरातला. तेलाच्या विहिरींसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात १९८६ साली एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि उंबरठ्यावरची ५७७ माणसे निवडण्यात आली. ३३ दवाखाने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले गेले. एका गटाला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला, दुसऱ्याला आहाराचे नियम, तिसऱ्याला व्यायाम, चौथ्याला दोन्ही. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातल्या ६७.७ टक्के लोकांना मधुमेह झाला होता. आहाराच्या गटात हे प्रमाण ४३.८, व्यायामाच्या गटात ४१.१ आणि दोन्ही करणाऱ्यांत ४६ टक्के होते. म्हणजे नुसता व्यायामही आहाराच्या तोडीस तोड ठरला.

मला या प्रयोगातले सर्वांत आवडलेले काय, तर त्यांचे व्यायामाचे कोष्टक. त्यांनी व्यायामाचे ‘माप’ ठरवले होते. सावकाश चालणे किंवा घर झाडणे-पुसणे तीस मिनिटे केले तर एक माप. भरभर चालणे किंवा सायकल वीस मिनिटे, तेही एक माप. जिने चढणे किंवा हळू धावणे दहा मिनिटे, दोरीवरच्या उड्या किंवा पोहणे पाच मिनिटे, तरी मापच एक. रोज निदान एक माप वाढवायचे. पन्नाशीच्या आतल्या धडधाकट माणसाने दोन. भाजीवालीच्या तराजूइतका सोपा हिशेब! याच माणसांचा मागोवा पुढे तीस वर्षे घेतला गेला आणि २०१९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा वर्षे नियम पाळलेल्या गटांत मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षे लांबला, हृदयविकार व पक्षाघात कमी झाले आणि आयुर्मान सुमारे दीड वर्षाने वाढले.

२००१ साली फिनलंडमधून आणि २००२ साली अमेरिकेतून असेच निकाल आले. अमेरिकेच्या प्रयोगात ३,२३४ माणसे होती. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि वजनात सात टक्के घट, एवढे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. पायांनी गोळीवर मात केली, असे तेव्हा म्हटले गेले. पण हे ५८ टक्के कशातून आले, हे आपण विसरतो. त्या प्रत्येक माणसाला पहिल्या चोवीस आठवड्यांत सोळा धडे शिकवले गेले होते, पाठीशी एक मार्गदर्शक होता. कोणीतरी विचारणारे होते.

‘ती गोऱ्यांची गोष्ट, आपले काय?’ या प्रश्नाचे उत्तर चेन्नईने दिले. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के मधुमेही झाले, तर रोज अर्धा तास भरभर चालणे व आहार यांचा गट ३९.३ टक्क्यांवर थांबला. गोळीच्या गटाचा आकडा ४०.५ होता. या आकड्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. आपल्याकडे धोका अधिक वेगाने येतो: तीन वर्षांत निम्म्याहून जास्त माणसे पलीकडे जातात. आणि व्यायाम करूनही दहांतले जवळजवळ चार जण जातातच. व्यायाम म्हणजे कवचकुंडले नव्हेत. पण सहा-सात माणसांनी नियम पाळला, तर तीन वर्षांत त्यांतला एक वाचतो, हे गणित कोणत्याही कुटुंबाने मनावर घ्यावे इतके मोठे आहे.

परसदाराची किल्ली

व्यायामाने असे होते तरी काय? आपण जेवतो तेव्हा अन्नातली साखर रक्तात येते. ती उचलून साठवणारे शरीरातले मोठे कोठार म्हणजे स्नायू. वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग त्यांचाच. या कोठाराच्या पुढच्या दाराची किल्ली म्हणजे इन्शुलिन. उंबरठ्यावरच्या माणसात किल्ली असते, पण कुलूप गंजलेले असते. स्वादुपिंड बिचारे आणखी आणखी किल्ल्या पाठवत राहते आणि पुढे पुढे थकते.

स्नायू आकुंचन पावला, की त्याचे परसदार उघडते. त्या दाराला इन्शुलिनची किल्ली लागतच नाही. चालताना, बैठक मारताना, घागर उचलताना स्नायू साखर परस्पर आत ओढून घेतो. शिवाय व्यायाम संपल्यावर पुढच्या दाराचे कुलूपही काही काळ सैल राहते. हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणूनच जाणकार सांगतात, की व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये. रविवारी एकदम सिंहगड चढून आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्यांना आता कळावे, की सोमवार-मंगळवारपर्यंत मिळालेले वरदान बुधवारी संपलेले असते. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारा वारकरी जे चालतो ते अमोलच. पण शरीर मात्र वारी रोजची मागते.

आणि कोठारच लहान असेल तर? वयाबरोबर स्नायू घटत जातात. त्यात आपण भारतीय जन्मतःच या बाबतीत कमनशिबी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता व बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ आठशे ग्रॅमनी हलकी होती, पण त्यांची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. घटले होते ते स्नायू. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! ‘मी तर बारीक आहे, मला कशाला व्यायाम?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते छायाचित्र डोळ्यांसमोर आणावे. काटा वजन सांगतो, वजन कशाचे आहे ते सांगत नाही.

मात्रा कशी घ्यावी?

म्हणून नुसते चालणे पुरेसे नाही. माझ्या वर्गात मी आठवड्याचे दोन भाग करतो. पहिला भाग चालण्याचा: पाच दिवस, रोज तीस मिनिटे. वेग किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. आकड्यांत सांगायचे तर मिनिटाला साधारण शंभर पावले. ज्याने वर्षानुवर्षे काही केलेले नाही, त्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. ‘पी हळद आणि हो गोरी’ असा हा मामला नाही. पहिल्याच दिवशी तासभर चालून गुडघे धरून बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. ती पुन्हा येत नाहीत.

दुसरा भाग ताकदीचा: आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. त्यासाठी जिमचे शुल्क भरावे लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे, दहा वेळा. ज्याला जमते त्याने सरळ बैठका माराव्यात. भिंतीला हात लावून जोर काढणे. ओट्याला धरून टाचा उचलणे. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातांत घेऊन खांद्यावर नेणे. प्रत्येकाचे दोन-तीन फेरे. दहा सहज जमू लागले, की बारा; बारा जमले, की बाटली मोठी. याला प्रशिक्षण म्हणतात. शरीराला दर पंधरवड्याला थोडे नवे ओझे दिले नाही, तर ते जुन्यावरच समाधानी राहते. श्वास मात्र कधीही कोंडू नये, रक्तदाब वाढतो. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. ज्यांना हृदयविकार, फार वाढलेला रक्तदाब किंवा सांध्यांची मोठी तक्रार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि छातीत दाटले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर कोणीही तिथेच थांबावे. गुडघे बोलत असतील तर सायकल आहे, पोहणे आहे, खुर्चीत बसून करण्याचे प्रकार आहेत. सूर्यनमस्कार जमत असतील तर फारच छान, पण सवय नसलेल्याने चार-सहापासून चढत जावे.

तिसरी गोष्ट आपल्याच घरातली, शतपावली. तिच्यामागचे शहाणपण आता मोजून पाहिले गेले आहे. २०१३ साली अमेरिकेत उंबरठ्यावरच्या साठीपुढील दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर सकाळी सलग पंचेचाळीस मिनिटे चालण्याइतकीच सुधारली. आणि रात्रीच्या जेवणानंतरची चढती साखर आवरायला तर हे तुकड्यातुकड्यांचे चालणे दुपारच्या सलग चालण्यापेक्षा सरस ठरले. फक्त आपल्या पूर्वजांच्या मापात थोडी भर घालायला हवी. भरभर चालले तर शंभर पावले एका मिनिटात संपतात! म्हणून शतपावलीचे पंधराशे पावली करा, म्हणजे पंधरा मिनिटे होतील. आणि ज्यांचे काम टेबलाशी आहे, त्यांनी दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठावे, पाणी आणायला स्वतः जावे. सकाळी तासभर चाललो म्हणून दिवसभर बसण्याची मुभा मिळत नाही.

सकाळच्या मंडळींना एक प्रेमाची सूचना. फेरी संपली, की कोपऱ्यावरच्या टपरीवर गरम वडा आणि गोड चहा असा कार्यक्रम ठिकठिकाणी रंगतो. गप्पा जरूर माराव्यात. मैत्री हीच माणसाला रोज घराबाहेर काढते. पण अर्ध्या तासात पायांनी जे खर्च केले, ते एक वडा आणि एक गोड चहा पाच मिनिटांत परत जमा करतात.

‘दिवसभर उभीच तर असते’

आता सर्वांत नाजूक मुद्दा. माझ्या वर्गात पुरुष येतात ते एकटे, आणि वेळेवर. स्त्रिया येतात त्या घाईने, आणि पहिल्या पावसात, पहिल्या सणाला, सून बाळंतपणाला आली की बंद होतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने दाखवले, की भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी पडते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. आणि त्यात घरकामही धरलेले होते. ‘आमची ही दिवसभर उभीच तर असते, तिला वेगळा व्यायाम कशाला?’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी हे वाचावे. ओट्याशी उभे राहिल्याने पाय दुखतात, पण दम वाढत नाही. दाचिंगच्या कोष्टकातही झाडलोटीला माप होते, हे खरे; पण तीस मिनिटे झाडले-पुसले तेव्हा एक माप, आणि तेही रोजच्यापेक्षा अधिकचे. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याला माप नाही.

माझ्या वर्गातल्या एका शिक्षिकेने मला सांगितले, ‘सर, मला बैठका अवघड जात नाहीत. साडेसहाला घरातून निघणे अवघड जाते. डबे कोण भरणार?’ मधुमेहपूर्व अवस्थेवरच्या उपायांचा खरा अडसर या एका प्रश्नात आहे. या बाईंना वेळापत्रक नको आहे. त्यांना अर्धा तास हवा आहे, आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून यावा लागेल. नवऱ्याने चहा-डब्याचे बघितले, मुलाने स्वतःचे दप्तर आणि अंथरूण आवरले, तर तो निघतो. गोळी एकट्याने घेता येते. व्यायाम मात्र सगळ्या घराने मिळून घ्यायचे औषध आहे. डॉ. रामचंद्रन यांचा आणखी एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला: मोबाइलवर नियमाने येणाऱ्या साध्या संदेशांनी दोन वर्षांत मधुमेही होणाऱ्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. आठवण करून देणारे कोणी असले, की माणूस वागतो. पण त्यात सहभागी झालेले ५३७ जण सगळे नोकरदार पुरुष होते, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही. घरातल्या बाईला आठवण करणारा संदेश जाईलही. तिला मोकळीक देणारा संदेश कोण पाठवणार?

तालमीला पुन्हा बोलवा

सरकारी आरोग्य केंद्रांतून तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी करण्याचे धोरण आहे, ते चांगलेच आहे. पण उंबरठ्यावर सापडलेल्या माणसाला तिथून कुठे पाठवायचे? मधुमेह झालेल्याला औषधाची खिडकी आहे. न झालेल्यासाठी खिडकीच नाही. त्याच्या हाती बहुधा एक पत्रक येते, आणि पत्रकाने कोणाचे स्नायू वाढल्याचे ऐकिवात नाही.

नुसते गट जमवून, गप्पा-सल्ल्यांनी भागेल असेही नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे हजार माणसांवर असा प्रयोग झाला. गावातल्याच लोकांनी एकमेकांना धीर द्यायचा, सवयी बदलायच्या. २०१८ साली निकाल आला: दोन वर्षांनी एका गटात १४.९ टक्के, दुसऱ्यात १७.१ टक्के मधुमेही. फरक होता, पण खात्रीने सांगावा इतका मोठा नव्हता. यातून मी घेतलेला बोध असा, की सदिच्छा लागतेच, पण तिच्या जोडीला ठरवलेली मात्रा, नियमित हजेरी आणि शिकवणारा लागतो.

शिकवणारे आपल्याकडे कमी नाहीत. ज्या महाराष्ट्रात गावोगाव तालमी होत्या, जिथे १९१४ साली स्थापन झालेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ व्यायामशिक्षक घडवत आले, तिथे मनुष्यबळ नाही असे कसे म्हणावे? निवृत्त व्यायामशिक्षक आहेत, तालमीतले वस्ताद आहेत, योगवर्गाच्या ताई आहेत. त्यांना डॉक्टरांकडून चार दिवसांचे धडे द्या: कोणाला काय चालत नाही, कधी थांबवायचे, कधी दवाखान्यात पाठवायचे. प्रत्येक आरोग्य केंद्राजवळ, शाळेच्या मोकळ्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास वर्ग भरवा. संध्याकाळचा तास मुद्दाम स्त्रियांच्या सोयीने ठेवा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘चाला’ असे न लिहिता ‘वर्गात बारा आठवडे’ असे लिहावे. आणि नगरपालिकेने पदपथ मोकळे करावेत. ज्या शहरात वडीलधाऱ्यांना चालण्यासाठी दुचाकी आणि हातगाड्यांच्या मधून वाट काढावी लागते, तिथे ‘रोज चाला’ हा सल्ला म्हणजे थट्टाच.

हे सगळे उशिराचे उपाय आहेत, हेही मला ठाऊक आहे. मी ज्या शाळेत होतो, तिथे परीक्षा जवळ आली, की वेळापत्रकात पहिला बळी व्यायामाच्या तासाचा जाई. गणिताचे पोर्शन राहिले, घ्या पी.टी.चा तास. शास्त्राचे प्रयोग राहिले, घ्या पी.टी.चा तास. ती मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना चक्रवाढ व्याज येते. खुर्चीवरून हात न टेकता उठता येत नाही. त्यांतले काहीजण आता माझ्याच वर्गात येतात आणि गुडघा कुठे वाकवायचा, पाठ सरळ कशी ठेवायची, हे आठवीत शिकायचे ते सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकतात. शिकतात, हे महत्त्वाचे. स्नायूला वयाचा दाखला लागत नाही. सत्तरीतही तो शिकवले तर वाढतो.

तेव्हा घरात कोणाचा रिपोर्ट ‘बॉर्डरवर’ आला असेल, तर आज एवढे करा. तो कागद फायलीतून काढून फ्रिजवर लावा. त्याच्या शेजारी आठवड्याचे सात चौकोन आखा. पाचांवर ‘चालणे’, दोनांवर ‘ताकद’ असे लिहा. आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहा: या अर्ध्या तासात घरातले कोणते काम कोण करणार. या शेवटच्या ओळीत नाव भरायला घरातल्या सर्वांनी बसावे. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. आकडा उतरला तर उत्तमच. थोडाच उतरला, तरी चौकोन खोडू नका, कारण उंबरठ्यावर जितकी वर्षे थांबता येईल तितकी ती डोळ्यांची, मूत्रपिंडांची, हृदयाची कमाईच आहे. आज रात्रीचे जेवण झाले, की ताटे सगळ्यांनी मिळून उचला आणि पंधरा मिनिटे सगळेच बाहेर पडा.